शाखा वाढवण्याआधी : संघटनेच्या वाढीचा वेग कसा ठरवावा?

एप्रिल आणि ऑक्टोबर या दोन महिन्यांत आपल्याकडे जेवढ्या नव्या संघटना निघतात, तेवढ्या उरलेल्या वर्षात निघत नसतील. जयंतीच्या किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमात दहा-बारा तरुण एकत्र येतात, काहीतरी कायमचे काम उभे करू म्हणतात. नाव ठरते, लोगो तयार होतो, व्हॉट्सअॅप ग्रुप निघतो. सहा महिन्यांत चार तालुक्यांचे अध्यक्ष नेमले जातात आणि वर्ष सरायच्या आत प्रदेश कार्यकारिणीचा बॅनर लागतो. दुसऱ्या वर्षी त्या ग्रुपवर फक्त सुप्रभातचे संदेश उरतात.

असे झाले की आपण लगेच कारणे सांगतो. गटबाजी झाली, कोणी पदासाठी आले होते, निष्ठा राहिली नाही, कोणी पक्षात गेले. यातले काही खरे असतेही. पण आम्ही गेली काही वर्षे हे आतून पाहतो आहोत आणि आमचे मत असे झाले आहे की बहुतेक वेळा कारण याहून साधे असते. काम सांभाळणारी माणसे तयार होण्याआधीच काम वाढवले जाते. माणसे वाईट नसतात, ती कमी पडतात, आणि मग कमी पडलेली माणसे एकमेकांशी वाईट वागू लागतात.

आधी आमचेच सांगतो. एका तालुक्याच्या गावी विहाराच्या मागच्या खोलीत आम्ही स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका सुरू केली. चाळीस खुर्च्या, दोन कपाटे पुस्तके, पहाटे पाचला उघडायची आणि रात्री अकराला बंद करायची. ती चांगली चालली. दोन मुले पोलीस भरतीत लागली आणि आसपासच्या गावांतून बोलावणी येऊ लागली. आमच्याकडेही करा, खोली आम्ही देतो. नाही म्हणणे जिवावर आले. दीड वर्षात आम्ही नऊ ठिकाणी अभ्यासिका उघडल्या आणि प्रत्येक उद्घाटनाचे फोटो टाकले. त्यानंतरच्या दहा महिन्यांत त्यातल्या पाच बंद पडल्या.

कशामुळे बंद पडल्या हे ऐकले तर हसू येईल. एका ठिकाणी किल्ली ज्याच्याकडे होती त्याला पुण्यात नोकरी लागली आणि तो किल्ली घेऊनच गेला. एका ठिकाणी वीजबिल तीन महिने थकले, कारण ते कोणी भरायचे हे ठरलेच नव्हते. दोन ठिकाणी मुलांनी भरलेल्या अनामत रकमेची वही सापडेना. नऊ केंद्रांवर लक्ष ठेवणारा कार्यकर्ता मात्र एकच होता. तो दर रविवारी मोटारसायकलवरून फिरायचा, आणि त्याच्याही घरी आजारी वडील होते. त्याने एके दिवशी फोन उचलणे बंद केले. आम्ही त्याला बेजबाबदार म्हटले. आज त्याची लाज वाटते.

पाचवे केंद्र बंद झाले त्या महिन्यात आमच्यातल्या एकाने महावग्ग वाचायला घेतला होता. विनयपिटकातला हा ग्रंथ भिक्खूंच्या नियमांचा आहे आणि आपल्याशी त्याचा काय संबंध, असे आपण समजतो. पण त्याचे पहिले प्रकरण म्हणजे एक संघटना पाच माणसांपासून हजारांपर्यंत कशी गेली आणि वाटेत काय काय बिघडले, याची नोंद आहे. ती प्रांजळ आहे. चुका लपवलेल्या नाहीत. प्रत्येक नियमाआधी तो नियम का करावा लागला याची हकीकत येते.

साठ जणांनंतर

सारनाथला पाच भिक्खूंपासून सुरुवात झाली. मग वाराणसीचा यश आला, त्याचे चार मित्र आले, मग आणखी पन्नास. साठ झाले तेव्हा बुद्धांनी त्यांना लोकांच्या हितासाठी, सुखासाठी चारिका करायला पाठवले, आणि दोघांनी एका वाटेने जाऊ नये असे सांगितले. हा प्रसंग आपल्या प्रत्येक भाषणात येतो आणि झपाट्याने पसरा याचा आधार म्हणून सांगितला जातो. त्यात एक गोष्ट विसरली जाते. पाठवलेले साठही जण अर्हत होते. त्यांचे शिक्षण पूर्ण झाले होते आणि एकट्याने चालायला ते समर्थ होते. आपण एकेका गावी एकेकटा पाठवतो तो कालच सभासद झालेला असतो.

पुढची अडचण लगेच आली. बाहेर गेलेले भिक्खू दीक्षा घेऊ इच्छिणाऱ्यांना लांबून बुद्धांकडे घेऊन येऊ लागले. येणारे थकत, आणणारेही थकत. तेव्हा बुद्धांनी अधिकार खाली दिला. तुम्हीच त्या त्या ठिकाणी तीन सरणे देऊन प्रव्रज्या द्या, म्हणाले. प्रत्येक निर्णय अध्यक्षाच्या सहीसाठी अडून राहतो अशा संघटनांनी इथे थांबून विचार करावा. साठ माणसांच्या संघात संस्थापकाने प्रवेश देण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवला नाही.

मात्र अधिकार खाली दिल्याने वाढ फार वेगात झाली. उरुवेलेचे काश्यप बंधू एक हजार जटिलांसह आले. राजगृहात सारिपुत्त आणि मोग्गल्लान संजयाच्या अडीचशे शिष्यांसह आले. लोक कुरकुरू लागले की हा गौतम घरेच्या घरे रिकामी करतो आहे. आणि मग महावग्गात ते वर्णन येते जे वाचताना आम्हाला आपल्याच शिबिरांतले जेवणाचे हॉल आठवले. नवे भिक्खू चीवर नीट न नेसता भिक्षेला जात, लोक जेवत असताना त्यांच्या अन्नावर पात्र पुढे करत, हे द्या ते द्या म्हणून मागत, भोजनगृहात गोंगाट करत. लोकांनी तक्रार केली.

बुद्धांनी प्रवेश बंद केला नाही, आणि शिस्तपालन समितीही नेमली नाही. त्यांनी उपज्झाय ही व्यवस्था सुरू केली. प्रत्येक नव्या भिक्खूला एक जाणता भिक्खू. दोघांनी एकमेकांकडे बाप-लेकासारखे पाहावे. त्यांची कर्तव्ये बारकाईने दिली आहेत आणि ती दोन्ही बाजूंनी आहेत. शिष्य आजारी पडला तर उपज्झायाने त्याची सेवा करायची, उपज्झाय आजारी पडला तर शिष्याने. उपज्झायाचे बोलणे दोषाच्या जवळ जाऊ लागले तर शिष्याने त्याला आवरायचे, हेही शिष्याच्या कर्तव्यांत आहे. कोणत्या संघटनेच्या घटनेत नव्या सभासदाला असे कर्तव्य दिले आहे? आमच्या तरी नव्हते.

त्यानंतर उपसेनाची गोष्ट. उपसेन वंगंतपुत्त यांना दीक्षा घेऊन एकच वर्ष झाले होते आणि त्यांनी स्वतःचा शिष्य केला. वर्षावास संपल्यावर दोन वर्षांचे उपसेन आपल्या एक वर्षाच्या शिष्याला घेऊन बुद्धांना भेटायला गेले. बुद्धांनी त्यांना चांगलेच फटकारले. ज्याला अजून दुसऱ्याने शिकवायचे आहे त्याने शिकवायला निघावे, हा लोकसंग्रहाचा मोह आहे, असा त्याचा आशय. मग नियम झाला की किमान दहा वर्षे झालेल्याने उपसंपदा द्यावी. हा नियमही पुरला नाही. दहा वर्षे झाली म्हणून काही अजाण भिक्खू शिष्य करू लागले आणि शिष्य गुरूपेक्षा शहाणे निघाले. तेव्हा दहा वर्षे आणि शिवाय समर्थ असावा, अशी दुरुस्ती झाली. ज्येष्ठता म्हणजे पात्रता नव्हे, हे आपल्या चळवळीत कोणी बोलले तर वाद होतो. विनयात ते नियम म्हणून आहे.

आणखी एक प्रसंग आम्हाला फार उपयोगी पडला. एका भिक्खूकडच्या दोन सामणेरांनी गैरवर्तन केले, म्हणून एका भिक्खूने दोन सामणेर ठेवू नयेत असा नियम झाला. पुढे राहुल सारिपुत्तांकडे सामणेर असताना त्यांना मानणाऱ्या एका कुटुंबाने आपला मुलगा त्यांच्याकडे पाठवला. सारिपुत्तांनी विचारले, आता काय करू? तेव्हा बुद्धांनी नियम बदलला. समर्थ भिक्खूने दोन ठेवले तरी चालतील, किंवा जितक्यांना तो नीट शिकवू शकेल तितके ठेवावेत.

जितक्यांना नीट शिकवू शकेल तितके. शाखा किती काढाव्यात या प्रश्नाचे याहून चांगले मोजमाप आम्हाला अजून कोणत्या व्यवस्थापनाच्या पुस्तकात मिळालेले नाही. संख्या ठरवायची ती मागणी किती आहे यावरून नव्हे, देणगी किती आली यावरूनही नव्हे.

नियम फार घट्ट झाले तर काय होते तेही तिथेच आहे. उपसंपदेला दहा भिक्खूंचा गण लागे. अवंतीत, म्हणजे आजच्या माळव्यात, भिक्खू थोडे होते. सोण कुटिकण्ण यांच्या उपसंपदेसाठी दहा भिक्खू जमवायला महाकच्चान यांना तीन वर्षे लागली. हे कळल्यावर बुद्धांनी सीमेवरच्या प्रदेशांसाठी सवलत दिली. तिथे पाच पुरेत, पण त्यात एक विनय जाणणारा हवा. दूरच्या भागाला कमी माणसे चालतील, जाणकाराशिवाय चालणार नाही. गडचिरोलीत किंवा नंदुरबारमध्ये पुण्यासारखी पंधरा जणांची कार्यकारिणी मागणाऱ्यांनी हे वाचावे.

नियम आधी की अनुभव आधी, हाही प्रश्न आहे. सारिपुत्तांनी एकदा बुद्धांना विनंती केली होती की संघ दीर्घकाळ टिकावा म्हणून आताच नियम घालून द्या. बुद्ध म्हणाले, त्याची वेळ तथागत जाणतो. संघ मोठा झाला, जुना झाला, लाभ वाढला की दोष दिसू लागतात, तेव्हा नियम करायचे. पहिल्या बैठकीत चाळीस कलमांची घटना लिहून बसणाऱ्या मित्रांना आम्ही हा प्रसंग सांगतो. नोंदणीसाठी लागते तेवढी घटना करावीच लागते. बाकीचे काम सुरू झाल्यावर.

मूकनायक ते जनता

बाबासाहेबांच्या आयुष्यात वेगाचा हा प्रश्न वारंवार आला आणि त्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा त्यांची वृत्तपत्रे आहेत. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाले. त्याच वर्षी बाबासाहेब अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण करायला लंडनला गेले आणि पत्र १९२३ मध्ये बंद पडले. १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' निघाले. त्यातला बहुतेक मजकूर स्वतः बाबासाहेब लिहीत. महाडचा सत्याग्रह, वकिली, विधिमंडळ आणि रात्री जागून रकान्यांमागून रकाने लिहिणे. ते पत्र १९२९ मध्ये थांबले. त्यातील लेखन आजही आपल्याला ऊर्जा देते. पण एका माणसाच्या खांद्यावर उभे असलेले पत्र त्या माणसाची दमछाक करून थांबले, हेही खरे आहे.

'जनता' १९३० मध्ये निघाले ते वेगळ्या रचनेने. संपादक देवराव नाईक होते, पुढे कद्रेकर, सहस्रबुद्धे अशा सहकाऱ्यांनी ती जबाबदारी सांभाळली. आधी पाक्षिक, मग साप्ताहिक. बाबासाहेब गोलमेज परिषदेला गेले, मजूरमंत्री झाले, संविधान सभेत गेले, आणि 'जनता' चालू राहिले. १९५६ मध्ये त्याचेच 'प्रबुद्ध भारत' झाले. दोन पत्रे बंद पडल्यानंतरचे तिसरे पंचवीस वर्षे टिकले. फरक लेखणीच्या धारेत नव्हता.

शिक्षणसंस्थांचेही तसेच. १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा, १९२५ ला सोलापुरात वसतिगृह. पीपल्स एज्युकेशन सोसायटी थेट १९४५ ला आणि मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ ला. मधली वीस वर्षे वसतिगृहे, शिष्यवृत्त्यांसाठी झगडा आणि मॅट्रिक होणारी मुले वाढवणे यात गेली. महाविद्यालयात बसायला विद्यार्थी तयार होण्याआधी महाविद्यालयाची इमारत बांधून काय उपयोग होता? औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय निघाले ते आणखी चार वर्षांनी, १९५० ला.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो यायलाच हवा. मग १९५६ चे काय? नागपुरात एका दिवसात लाखो लोकांनी दीक्षा घेतली. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध अडीच हजारांच्या आसपास होते, १९६१ मध्ये सुमारे २७ लाख ९० हजार. ही काय सावकाश झालेली वाढ आहे?

आमचे उत्तर असे की वेग सांभाळणे म्हणजे नेहमी हळू चालणे नव्हे. येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची. तिथून नागपूरपर्यंत एकवीस वर्षे गेली. त्या काळात समाजाने सत्याग्रह केले, पक्ष उभे केले आणि मोडले, गावोगावी समता सैनिक दल उभारले. मन तयार होते, म्हणून एका दिवसात ते घडले. पण दीक्षेनंतरचे शिकवणे, विहारे, बौद्धाचार्य, ग्रंथ या सगळ्याची तयारी अजून सुरूच होती. भारतीय बौद्ध महासभेची स्थापना १९५५ ची. दीक्षेनंतर अवघ्या ५३ दिवसांनी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा ग्रंथही त्यांच्या पश्चात १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. लाखो घरांत धम्म पोचला, तो शिकवणारी माणसे तेवढी नव्हती. ती तूट आपल्या आजी-आजोबांनी अक्षरशः कंदिलाच्या उजेडात, एकमेकांना वंदना पाठ करून घेत भरून काढली. ती अजून पुरती भरलेली नाही, असे कोणी म्हटले तर आम्ही वाद घालणार नाही. बाबासाहेबांकडे वेळ नव्हता, शरीर साथ देत नव्हते. आपल्यापैकी बहुतेकांना अशी घाई नाही. आपली घाई पुढच्या जयंतीच्या बॅनरची असते.

मग करायचे काय

आम्ही जे बदलले ते सांगतो, ते सगळ्यांना लागू पडेल असा दावा नाही. उरलेल्या चार अभ्यासिकांत आम्ही आधी प्रत्येक ठिकाणी दुसरा माणूस शोधला. दुसरा म्हणजे उपाध्यक्ष नव्हे. पहिला महिनाभर गावी नसला तरी किल्ली, वही, वीजबिल आणि भांडणे हे चारही सांभाळू शकेल असा. तो मिळेपर्यंत नवे केंद्र नाही. हे ठरवल्यावर एका सद्गृहस्थाने दहा संगणक देऊ केले होते, ते ठेवायला अजून जागा आणि माणूस नाही म्हणून आम्ही सात महिने थांबवले. ते नाराज झाले. आठव्या महिन्यात त्यांनी सहा दिले, आणि ते सहाही आज चालू आहेत.

पैशाबाबत एकच गोष्ट ठरवली. चालू केंद्रांचा सहा महिन्यांचा खर्च खात्यात शिल्लक असल्याशिवाय नव्या ठिकाणी रुपया टाकायचा नाही. संस्था नोंदणीकृत असेल तर मार्चअखेरचे हिशेब, लेखापरीक्षण आणि विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट, हे शाखा वाढवण्याच्या आधीचे काम आहे. आपल्या कित्येक संस्थांत काम करणारे पदाधिकारी एक आणि कागदावरचे दुसरेच, तेही पंधरा वर्षांपूर्वीचे. संस्था लहान असते तोवर कोणाला काही वाटत नाही. जागा किंवा निधी मिळाला की तेच कागद घेऊन माणसे कोर्टात उभी राहतात.

कार्यकर्त्याच्या थकव्याचे मात्र आम्हाला अजून पुरते जमलेले नाही. सोण स्थविराच्या वीणेची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. चंक्रमण करून त्यांचे पाय रक्तबंबाळ झाले होते, तेव्हा बुद्धांनी त्यांना विचारले की तारा फार ताणल्या किंवा फार सैल सोडल्या तर वीणा वाजते का. ही गोष्ट आपण सांगतो आणि सांगून झाल्यावर त्याच कार्यकर्त्याला रात्री दहा वाजता बैठकीला बोलावतो. आता एका माणसाकडे दोनपेक्षा जास्त केंद्रे द्यायची नाहीत असे ठरवले आहे. ते दोनदा मोडले आहे. दोन्ही वेळा आमच्याकडूनच.

सर्वांत उपयोगी ठरला तो वर्षावास. पावसाळ्यातही भिक्खू फिरतात, कोवळे गवत आणि जीवजंतू तुडवतात, अशी लोकांनी तक्रार केली तेव्हा तीन महिने एके ठिकाणी राहण्याचा नियम झाला. आम्ही तो तसाच उचलला. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत नवी शाखा नाही, नवी नेमणूक नाही, उद्घाटन नाही. या काळात जुन्या केंद्रांवर जाऊन बसायचे, वह्या तपासायच्या, दुसऱ्या माणसाला तयार करायचे. पहिल्या वर्षी पोरे म्हणाली की तीन महिने फेसबुकवर काहीच टाकायला नाही. खरेच नव्हते.

वर्षावासाच्या शेवटी भिक्खू पवारणा करतात. माझ्यात जे काही दिसले, ऐकले किंवा संशय आला ते मला सांगा, अशी प्रत्येक जण संघाला विनंती करतो, सर्वांत ज्येष्ठापासून सुरुवात करून. आम्ही तीही सुरू केली. पहिल्या बैठकीत सुरुवात अध्यक्षांनी केली आणि दहा मिनिटे कोणी तोंड उघडले नाही. मग एका मुलीने विचारले की नऊ अभ्यासिका उघडल्या तेव्हा मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का हे एकाही ठिकाणी कोणी पाहिले होते का. नव्हते पाहिले. बंद पडलेल्या पाचपैकी तीन ठिकाणी मुली का येईनाशा झाल्या हे आम्हाला दोन वर्षांनी त्या बैठकीत कळले.

सध्या पाच केंद्रे आहेत. सहाव्यासाठी एका गावाचे पत्र गेल्या वैशाखापासून आले आहे, खोलीही दाखवून झाली. त्या गावची दोन मुले जवळच्या केंद्रावर किल्ली आणि वही सांभाळायला शिकत आहेत, त्यातल्या एकाला हिशेब अजून जमत नाही. आश्विन पौर्णिमेनंतर बघू, असे गावाला कळवले आहे.